२०२७चा रग्बी विश्वचषक : प्रशिक्षक म्हणून तुम्ही कोणता संघ मागाल?

तालीममास्तर

सिडनीत ३ डिसेंबर २०२५ रोजी पुढच्या विश्वचषकाचे गट ठरले आणि ‘कोण जिंकणार’ या प्रश्नाला ऊत आला. तो प्रश्न प्रेक्षकांचा आहे. मी बडोद्यातल्या शाळेत व्यायामशिक्षक म्हणून आधी कबड्डी आणि पुढे रग्बी शिकवली, त्यामुळे मला वेगळा प्रश्न पडतो. १ ऑक्टोबर २०२७ रोजी पर्थमध्ये पहिली शिट्टी वाजेपर्यंत एखादा राष्ट्रीय संघ तुमच्या हाती द्यायचा ठरला, तर तुम्ही कोणता मागाल? आज सर्वांत बलवान कोण, हे मी विचारत नाही. आज जिथे आहे तिथून ज्याला सर्वांत पुढे नेता येईल असा संघ कोणता, हे विचारतो आहे.

माझी पारख आधी सांगतो. यादी हाती आली की मी पहिले पंधरा सोडून सोळा ते तेवीस हे राखीव खेळाडूंचे क्रमांक वाचतो. सामना ८० मिनिटांचा असला तरी साठाव्या मिनिटाच्या सुमारास पुढच्या फळीचा दमसास संपलेला असतो, आणि त्यानंतर जे झुंजतात त्यांतले निम्मे राखीव फळीतून आलेले असतात. त्यातही पहिल्या रांगेचे (स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे पुढचे खेळाडू एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटतात तेव्हा, सर्वांत पुढे असणारे) तिन्ही बदली खेळाडू, म्हणजे दोन्ही बाजूंचे प्रॉप आणि मधला हूकर, त्याच जागेवर तयार झालेले असावेत असा नियमच आहे. ज्या देशाकडे चार-सहा चांगले प्रॉप नाहीत त्याने उपांत्य फेरीच्या गोष्टी करू नयेत. दुसरी कसोटी अशी की खेळाडूंचे आठवडे कोणाच्या मालकीचे आहेत. महासंघाच्या पगारावरचा खेळाडू प्रशिक्षकाला हवा तेव्हा मिळतो. क्लबाच्या पगारावरचा खेळाडू क्लबाला नको असेल तेव्हा मिळतो.

माझी निवड अर्जेंटिना. २०२४ मध्ये त्यांनी न्यूझीलंडला वेलिंग्टनमध्ये ३८-३० असे हरवले, २०२५ मध्ये ब्युनोस आयर्सला २९-२३ असे हरवून मायदेशात त्यांच्यावर पहिला विजय मिळवला, आणि त्याच वर्षी डब्लिनमध्ये ब्रिटिश आणि आयरिश लायन्स या चार देशांच्या निवडक संघालाही २८-२४ असे नमवले. नोव्हेंबरात एडिनबरोला ०-२१ अशा पिछाडीवरून स्कॉटलंडविरुद्ध ३३-२४ असा सामना काढला, तो तर पूर्णपणे उत्तरार्धात काढला. गटात फिजी, स्पेन आणि कॅनडा आहेत. तिथले प्रशिक्षक फेलिपे कोंतेपोमी यांचे काम मला द्यायला कोणी येणार नाही, हे ठाऊक आहे, चर्चेपुरते मागतो.

आपापली निवड कारणांसह लिहावी. ‘त्यांची जर्सी सुंदर आहे’ हे कारण धरले जाणार नाही.

घडियाळीपोळ

दक्षिण आफ्रिका. १९९५, २००७, २०१९ आणि २०२३ असे चार विश्वचषक ज्यांच्या कपाटात आहेत त्यांना सोडून दुसरा संघ मागणाऱ्या प्रशिक्षकाचीच आधी चौकशी करावी.

वाडीकर

घडियाळीपोळ, प्रश्न नीट वाचावा. शिखरावर बसलेल्याला आणखी वर कुठे नेणार? तिथे प्रशिक्षकाला फक्त खाली येण्याचीच संधी आहे.

मांडवीच्या_दारात

वाडीकरांचा मुद्दा मान्य करूनही दक्षिण आफ्रिकेला इतक्या लवकर बाजूला सारू नये असे मला वाटते, कारण मास्तरांनी सांगितलेली राखीव फळीची कसोटी जगाने तिथूनच उचलली आहे. आठ राखीव खेळाडूंपैकी सहा पुढच्या फळीतले आणि दोन मागचे, ही विभागणी २०१९च्या विश्वचषकात त्यांचे प्रशिक्षक रासी इरॅस्मस यांनी शस्त्रासारखी वापरली. २०२३च्या अंतिम सामन्यात ते त्याही पुढे गेले आणि त्यांनी सात पुढचे व एकच मागचा असा डाव मांडला. बाहेरून तो जुगार वाटतो. प्रत्यक्षात त्याची तयारी खूप आधीपासून झालेली असते, कारण एकाच राखीव माणसावर विसंबायचे असेल तर मैदानावरच्या मागच्या सात जणांपैकी प्रत्येकाला किमान दोन जागा खेळता आल्या पाहिजेत, आणि तसे खेळाडू सामन्याच्या आठवड्यात तयार होत नाहीत.

नोव्हेंबर २०२५ मधला पॅरिसचा सामना ज्यांनी पाहिला असेल त्यांना प्रशिक्षकाचा निर्णय म्हणजे काय ते कळले असेल. पूर्वार्ध संपता संपता लूड द यागर यांना लाल कार्ड मिळाले आणि संघ चौदा जणांवर आला. तो कर्णधार सिया कोलिसी यांचा शंभरावा कसोटी सामना होता. इरॅस्मस यांनी मध्यंतरातच त्यांना बाहेर घेतले, पुढच्या फळीची नव्याने जुळवणी केली आणि उत्तरार्धात फ्रान्सला मागे टाकून सामना ३२-१७ असा जिंकला. शंभराव्या सामन्यात कर्णधाराला अर्ध्यावर बसवण्याची हिंमत आपल्यापैकी किती जणांत आहे?

आता उलट बाजू. कोलिसी आणि एबेन एट्झेबेथ हे दोघेही १९९१चे आहेत, म्हणजे स्पर्धा संपेल तेव्हा दोघे छत्तिशीत असतील. साशा फाइनबर्ग-म्न्गोमेझुलू यांच्यासारखा तेवीस वर्षांचा फ्लाय-हाफ (खेळ चालवणारा दहा नंबरचा खेळाडू) डर्बनमध्ये एकट्याने ३७ गुण करतो (मास्तर, ते तुमच्याच अर्जेंटिनाविरुद्ध केले, हे नम्रपणे नोंदवतो), तेव्हा मागच्या फळीची चिंता नसते. दुसऱ्या रांगेत एट्झेबेथ यांची जागा घेणारा माणूस घडवणे आणि मोठ्या नावांना वेळेवर निरोप देणे, हेच तिथले खरे काम आहे, आणि ते अर्जेंटिनाच्या कामापेक्षा सोपे आहे असे मला वाटत नाही.

वाडीकर

कोलिसींना बसवण्याबद्दल म्हणाल तर आपल्याकडे गल्लीतल्या क्रिकेट सामन्यात बॅट ज्याची आहे त्यालाही कोणी बसवू शकत नाही. बाकी राखीव फळीविषयीचे आपले विवेचन पटले. आपल्याकडे राखीव खेळाडू म्हणजे सेव-उसळीवर शेवटी भुरभुरायची शेव, अशी समजूत आहे. तिकडे तीच उसळ आहे.

आकडेमोड

सर्वांचे लेखन वाचले. कसोट्या चांगल्या आहेत, पण त्यांतून निकालाचे भाकीत करताना थोडा संयम असावा. २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेने बाद फेरीतले तिन्ही सामने एकेका गुणाने जिंकले: फ्रान्सविरुद्ध २९-२८, इंग्लंडविरुद्ध १६-१५ आणि अंतिम सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध १२-११. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेचे बाराही गुण हांद्रे पोलार्ड यांच्या पेनल्टींचे होते. न्यूझीलंडने कर्णधार सॅम केन यांना पूर्वार्धातच लाल कार्डामुळे गमावले, तरी ट्राय (रेषेपलीकडे चेंडू टेकवणे) त्यांनीच केला. त्यानंतरची जादा गुणांची किक, म्हणजे कन्व्हर्जन, चुकले आणि पुढे एक लांबची पेनल्टीही चुकली. त्या दोन्हींपैकी एक जरी खांबांच्या मधून गेली असती तरी आज आपण सात-एक विभागणीला अविचार म्हटले असते आणि इरॅस्मस यांच्या धाडसाऐवजी त्यांच्या हट्टावर लिहीत बसलो असतो.

म्हणून प्रशिक्षकाने स्वतःला विचारायचा प्रश्न एवढाच असावा की संघ बाद फेरीत तीन-चार वेळा ‘एका गुणाच्या अंतरात’ पोहोचू शकतो का. तिथे पोहोचल्यावर काही वाटा बुटाच्या टोकाचा असतो.

तालीममास्तर

आकडेमोड, बुटाच्या टोकाचा वाटाही सरावाचाच असतो. पोलार्ड त्या स्पर्धेच्या मूळ संघात नव्हते, दुखापतीतून सावरत होते आणि एका हूकरच्या जागी त्यांना मध्येच बोलावले गेले. हूकर जायबंदी झाल्यावर हूकर न बोलावता किकर बोलावणे हा निर्णय आहे, नशीब नव्हे.

हाडांचा_डॉक्टर

मी फ्रान्स मागतो, आणि व्यवसायामुळे थोडे वेगळ्या बाजूने लिहितो. फ्रान्सविषयी बोलताना लोक आंत्वान द्युपाँ या एका स्क्रम-हाफपाशी (स्क्रममधून चेंडू काढून देणारा खेळाडू) थांबतात. २०२३ मध्ये नामिबियाविरुद्ध त्यांच्या गालाचे हाड मोडले, ते संरक्षक टोपी घालून उपांत्यपूर्व सामन्यात परतले आणि संघ एका गुणाने बाहेर पडला. मार्च २०२५ मध्ये डब्लिनला त्यांच्या गुडघ्याचा पुढचा क्रॉस लिगामेंट फाटला. अशी दुखापत शस्त्रक्रियेनंतर साधारण आठ-नऊ महिने घेते आणि त्यानंतरही झटक्यात वळण्याचा आत्मविश्वास परत यायला वेळ लागतो.

परंतु त्याच डब्लिनच्या सामन्यात खरी गोष्ट दिसली. फ्रान्सनेही त्या दिवशी सात-एक अशीच विभागणी केली होती. द्युपाँ पहिल्या अर्ध्यातच बाहेर गेले, सेंटरही जायबंदी झाला, तेव्हा ऑस्कार जेगू या पुढच्या फळीतल्या फ्लँकरला मागच्या फळीत सेंटरला उभे करावे लागले. मांडवीच्या_दारात यांनी म्हटलेली वेळ अक्षरशः आली. तरीही फ्रान्सने आयर्लंडला ४२-२७ असे हरवले आणि पुढे युरोपातली सहा राष्ट्रांची स्पर्धाही जिंकली. जो संघ आपल्या सर्वोत्तम खेळाडूशिवाय परक्या मैदानावर असा खेळतो त्याची खोली मला मोजावी लागत नाही. वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धा त्यांनी २०१८, २०१९ आणि २०२३ मध्ये जिंकली आहे. ती मुले आता ऐन वयात येत आहेत.

मांडवीच्या_दारात

डॉक्टरसाहेब, खोलीबद्दल वाद नाही. पण पॅरिसमध्ये चौदा जणांपुढे उत्तरार्धात हरलेला संघही हाच होता. राखीव फळी भरलेली होती, एक माणूस जास्त होता, मैदान घरचे होते. मग खोली कुठे गेली? माझ्या मते चांगले खेळाडू असणे वेगळे आणि शेवटच्या वीस मिनिटांत काय करायचे हे तेवीसच्या तेवीस जणांना सारखेच ठाऊक असणे वेगळे. फ्रान्सचे प्रशिक्षक फाबियाँ गाल्तिए यांच्या हाताखाली पहिली गोष्ट भरपूर आहे.

कार्डिफचा_बडोदेकर

मास्तर, ‘क्लबाला नको असेल तेव्हा मिळतो’ हे वाक्य ऐकायला छान आहे, पण जागतिक नियमांनुसार ठरलेल्या आंतरराष्ट्रीय काळात क्लबांना खेळाडू सोडावेच लागतात. अडचण सोडण्याची नसून खेळाडू कोणत्या अवस्थेत येतो याची आहे. क्लबाने सलग आठवडे वापरून घेतलेला प्रॉप सोमवारी तुमच्याकडे येतो, मंगळवारी त्याला विश्रांती द्यावी लागते आणि शनिवारी सामना असतो. त्यात स्क्रमचा सराव किती होणार?

मी जिथे राहतो तिथली कथा सांगतो. वेल्स हा एकेकाळी उपांत्य फेरीत सहज दिसणारा संघ, २०१९ मध्येही तिथपर्यंत गेला होता. त्यानंतर सलग अठरा कसोटी सामने हरले. ती मालिका जुलै २०२५ मध्ये जपानमध्ये ३१-२२ अशा विजयाने तुटली. नोव्हेंबरात इथे कार्डिफमध्ये दक्षिण आफ्रिकेकडून ०-७३. मी स्टेडियमवर होतो आणि मला सर्वांत जास्त जाणवली ती शांतता नव्हे, तर साठाव्या मिनिटानंतरही पाहुण्यांची फळी स्क्रमला धावत जात होती ही गोष्ट. वेल्समध्ये चार प्रादेशिक संघ आहेत, पैसा चारांनाही पुरत नाही, ते तीनवर आणण्यावरून भांडण चालू आहे. अशा ठिकाणी राष्ट्रीय प्रशिक्षक कोणीही असो, त्याच्या हाती पोहोचेपर्यंत खेळाडूचे निम्मे शिक्षण राहून गेलेले असते.

बाजवाडा

मग त्याच न्यायाने सर्वांनी आयर्लंड मागायला हवा. लेन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर आणि कॉनक्ट असे चार प्रांत, आघाडीच्या खेळाडूंचे करार थेट महासंघाशी, कोणी किती सामने खेळायचे यावर महासंघाचे नियंत्रण. प्रशिक्षक अँडी फॅरल यांना खेळाडू ताजे मिळतात. मास्तरांची दुसरी कसोटी इतकी पूर्ण करणारा दुसरा देश नाही.

घडियाळीपोळ

आणि तरीही आयर्लंड आजवर एकदाही उपांत्य फेरीत गेलेला नाही.

बाजवाडा

घडियाळीपोळ, एका ओळीत आपण नेहमी बरोबर असता आणि म्हणूनच आपल्याशी वाद घालणे कठीण जाते. २०२३ मध्ये आयर्लंडने गटात दक्षिण आफ्रिकेला १३-८ असे हरवले होते. उपांत्यपूर्व सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध २४-२८ असे मागे असताना शेवटच्या हल्ल्यात चेंडू ३७ फेऱ्या (म्हणजे पकड होऊन पुन्हा चाल, असे ३७ वेळा) हातात ठेवला आणि तरी रेषा ओलांडता आली नाही. याला अपयश म्हणावे की आकडेमोड म्हणतात तसे एका गुणाचे अंतर?

मांडवीच्या_दारात

३७ फेऱ्या हा आयर्लंडचा गुण आणि दोष दोन्ही आहे. त्यांची रचना इतकी पाठ झालेली असते की ती बंद पडली तर दुसरी वाट कोणी काढत नाही. त्या सामन्यात जॉनी सेक्स्टन ३८ वर्षांचे होते आणि अखेरपर्यंत मैदानावर होते. मास्तरांच्या कसोटीने पाहिले तर दहा नंबरचा बदली खेळाडू प्रशिक्षकाला विश्वासाचा वाटत नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. नोव्हेंबर २०२५ मध्ये डब्लिनला दक्षिण आफ्रिकेने त्यांच्या स्क्रमची जी दाणादाण केली आणि २४-१३ असा सामना नेला, त्यावरून पहिल्या रांगेची खोलीही आता पूर्वीची राहिलेली नाही. केंद्रीय करारांचा एक तोटा असा की ठरलेल्या मोजक्या माणसांवर सगळी मेहनत जाते, आणि ती माणसे एकाच वेळी म्हातारी होतात.

सुरसागर_काठ

स्कॉटलंड आणि आयर्लंड सलग तिसऱ्या विश्वचषकात एकाच गटात आले आहेत. सोडत काढणाऱ्या भांड्यातच काही दोष असावा.

खंडेराव_मार्केट

माझी निवड जॉर्जिया, आणि हसू नये ही विनंती.

कारण मास्तरांचा मूळ प्रश्न ‘आज आहे तिथून सर्वांत पुढे’ असा आहे. जॉर्जियाकडे प्रॉपची वाण नाही. फ्रान्सच्या क्लबांत जाऊन पाहावे, पहिल्या रांगेत जॉर्जियन नाव सापडतेच. जुलै २०२२ मध्ये बाटुमीला त्यांनी इटलीला २८-१९ असे आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कार्डिफला वेल्सला १३-१२ असे हरवले. सहा राष्ट्रांच्या स्पर्धेचे दार त्यांच्यासाठी बंद आहे, त्यामुळे मोठ्या संघांशी सामने वर्षातून दोन-तीनच मिळतात. म्हणजे कच्चा माल उत्तम, पण अनुभव कमी, आणि अनुभव ही प्रशिक्षकाला देता येणारी गोष्ट आहे. २०२७ मध्ये २४ संघ आहेत, चार-चारांचे सहा गट, प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकावरचे चार उत्तम संघ बाद फेरीत जातील. दक्षिण आफ्रिका, इटली आणि रुमानिया यांच्या गटात जॉर्जियाला दुसरे स्थान अशक्य नाही आणि तिसरे तर हातातलेच आहे. ज्या संघाने आजवर गट ओलांडलेला नाही त्याला अखेरच्या सोळांत नेणे, ही मी प्रशिक्षक म्हणून सर्वांत मोठी झेप समजेन.

आकडेमोड

खंडेराव, हसत नाही, पण २०२३ मध्ये पोर्तुगालशी १८-१८ अशी बरोबरी करणारा संघही हाच होता. स्क्रमवर पेनल्टी मिळते, पेनल्टीवर तीन गुण मिळतात. ट्रायला पाच आणि कन्व्हर्जनला दोन मिळतात. पोर्तुगालने त्याच स्पर्धेत फिजीला २४-२३ असे हरवले ते स्क्रमवर नव्हे, हातातल्या वेगावर. पहिली रांग भक्कम करून मागच्या फळीकडे दुर्लक्ष करणे ही जॉर्जियाची जुनी सवय आहे. तुम्हाला दोन वर्षांत विंग आणि फुल-बॅक तयार करावे लागतील, आणि ते दुकानात मिळत नाहीत.

खंडेराव_मार्केट

हे खरे आहे, आणि म्हणूनच प्रशिक्षक लागतो. सगळे मिळत असते तर व्यवस्थापक पुरला असता.

आई_खेळाडूची

मी इथे केवळ वाचत असते, आज लिहिते. माझी मुलगी शाळेत कबड्डीतून रग्बीकडे वळली आहे. मोठ्या देशांची चर्चा वाचताना मनात आले की आपल्या मुलींच्या संघाकडे याच कसोट्यांनी पाहिले तर काय दिसेल? आणि टॅकलविषयी, म्हणजे चेंडूवालीला धरून पाडण्याविषयी, थोडे लिहाल का, मास्तर? वर लाल कार्डांचा उल्लेख वाचून काळजी वाटते.

तालीममास्तर

ताई, लाल कार्डे वाढली ती खेळ अधिक रानटी झाला म्हणून नव्हे, डोक्याच्या इजेबाबत पंच कडक झाले म्हणून. खांद्यांच्या रेषेच्या वर केलेला टॅकल दंडनीय आहे आणि शिकवताना आपण त्याहून बराच खाली, कमरेपासून मांडीपर्यंत धरायला शिकवतो. कबड्डीतून आलेल्या मुलींचे हे अंगवळणी असते, कारण मांडी धरणे, खांदा लावणे आणि डोके बाजूला ठेवणे त्या आधीच शिकलेल्या असतात. आपल्या बडोद्याला तर याचा वारसाच आहे: हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली इथे हुतुतूच्या अखिल भारतीय स्पर्धा भरवल्या होत्या. कबड्डीत नसते ती गोष्ट म्हणजे टॅकलनंतर लगेच उठून चेंडूवर झेपावणे; कबड्डीत पकड झाली की खेळ थांबतो, रग्बीत तिथून सुरू होतो. मी पहिले काही महिने फक्त तेवढेच शिकवतो.

भारतीय महिलांनी पंधरा जणींचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना २०१८ मध्ये खेळला आणि २०१९ मध्ये सिंगापूरला २१-१९ असे हरवून पहिला विजय मिळवला. माझ्या कसोट्यांवर पाहिले तर पहिल्या रांगेत अजून खोली नाही आणि पंधरा जणींचे सामने फार थोडे होतात. म्हणून आज भारताचा रस्ता सात जणींच्या रग्बीतून जातो. त्यात सात-सात मिनिटांचे दोन अर्ध, स्क्रमला तिघी, आणि ऑलिंपिक व आशियाई स्पर्धांत स्थान. मुलीला धावू द्या, आणि तिच्या प्रशिक्षकाला टॅकल कसा शिकवता हे निःसंकोच विचारा.

जुना_बडोदेकर

भारताचा विषय निघाला आहे तर एक भर. इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्या कलकत्ता चषकासाठी १८७९ पासून झगडतात तो कलकत्त्यातला रग्बी क्लब बंद पडल्यावर त्याच्या शिल्लक चांदीच्या रुपयांचा बनवलेला आहे. मुठींच्या जागी नाग आहेत आणि झाकणावर हत्ती. म्हणजे दोन्ही देशांच्या कपाटात आपले रुपये आळीपाळीने फिरत असतात.

वाडीकर

व्याजासह परत मागावेत. असो, विषयाकडे येऊ. इंग्लंडचे नावच कोणी घेतले नाही याचे नवल वाटते. स्टीव्ह बॉर्थविक यांच्या संघाने २०२५ मध्ये सलग अकरा सामने जिंकले, न्यूझीलंडला ३३-१९ असे हरवले आणि ते करताना लायन्सच्या दर्जाचे पुढचे खेळाडू राखीव फळीत बसवून उत्तरार्धात सोडले. मास्तरांच्या पहिल्या कसोटीत तो आज पहिल्या तिघांत आहे. गटात वेल्स, टोंगा आणि झिंबाब्वे. मी इंग्लंड मागतो, मनाविरुद्ध मागतो.

ब्रिस्बेनचे_पाहुणे

यजमानांबद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. मूळचा दांडिया बाजारचा, आता ब्रिस्बेनला असतो. ऑस्ट्रेलियाकडे पाहिले तर आपली सगळी चर्चा एकाच वर्षात दिसते. ऑगस्ट २०२५ मध्ये जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर ०-२२ मागे असलेला हा संघ ३८-२२ असा जिंकला. त्या मैदानावर त्यांनी १९६३ नंतर प्रथमच दक्षिण आफ्रिकेला हरवले. नोव्हेंबरात मात्र इंग्लंड, इटली, आयर्लंड आणि फ्रान्स या चौघांकडूनही हरला. प्रशिक्षक तेच, जो श्मिट. खेळाडू बहुतेक तेच. फक्त वर्ष सरत आले होते: फिजी, लायन्सविरुद्ध तीन, दक्षिण गोलार्धातल्या चौरंगी स्पर्धेतले सहा आणि जपान, एवढे सामने खेळून झालेले. जखमी वाढत गेले आणि फ्लाय-हाफच्या जागेवर माणसे बदलत राहिली. पहिले पंधरा कोणालाही हरवू शकतात, पण पंचविसावा आणि तिसावा खेळाडू त्या दर्जाचा नाही. इथे चांगली अंगकाठी असलेली मुले रग्बी लीग आणि ऑस्ट्रेलियन फुटबॉलकडे जातात, हे त्याचे मूळ.

२०२६ मध्ये लेस किस जबाबदारी घेणार आहेत. विश्वचषकात गटाचे सामने तीनच आहेत आणि प्रवास घरचाच आहे. घरचा म्हटले तरी पर्थ ते सिडनी हे अंतर तीन हजार किलोमीटरांहून अधिक आहे. न्यूझीलंड याच गटात आहे, विश्वचषकाच्या गटात हे दोघे प्रथमच समोरासमोर येतील. तरीही मी ऑस्ट्रेलिया मागेन. ज्या प्रशिक्षकाला २०२६ चे सामने हरण्याची परवानगी मिळेल आणि जो त्या वर्षात दोन नवे प्रॉप आणि एक फ्लाय-हाफ घडवेल, त्याला मोठी झेप इथेच मिळू शकते.

मांडवीच्या_दारात

‘हरण्याची परवानगी’ ही मास्तरांच्या यादीत तिसरी कसोटी म्हणून घालावी. इरॅस्मस यांच्याकडे ती आहे. २०२४ आणि २०२५ मध्ये त्यांनी दर सामन्याला संघ बदलला, एलिस पार्कला हरले, तरी त्यांच्या खुर्चीला धक्का लागला नाही. न्यूझीलंडच्या प्रशिक्षकाला ती कधीच मिळत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वेलिंग्टनला ४३-१० असा पराभव झाल्यावर तिथे जे वातावरण झाले त्यात तरुण प्रॉपला वीस मिनिटे देण्याची हिंमत कोण करेल? म्हणूनच बहुधा इथे कोणी न्यूझीलंड मागितला नाही.

घडियाळीपोळ

अजूनही दक्षिण आफ्रिका.

तालीममास्तर

मांडवीच्या_दारात, तिसरी कसोटी स्वीकारली, आणि तिने माझी निवड पक्की होते. अर्जेंटिनाचे जवळजवळ सर्व खेळाडू युरोपच्या क्लबांत आहेत, म्हणजे माझ्या दुसऱ्या कसोटीवर हा संघ सपशेल नापास आहे. कार्डिफच्या_बडोदेकरांनी सांगितलेला थकलेला प्रॉप सोमवारी ब्युनोस आयर्सला लांबच्या विमानाने येतो. पण त्याची दुसरी बाजू अशी की वर्षभर फ्रान्स-इंग्लंडच्या कठीण सामन्यांत त्यांचे तीस-पस्तीस जण तयार होत असतात आणि त्याचा खर्च महासंघाला पडत नाही. शिवाय मायदेशात फुटबॉलचे वेड इतके आहे की रग्बीचा एखादा पराभव कोणी वर्षभर उगाळत बसत नाही. परवानगी आपोआप मिळते.

डर्बनच्या ३७ गुणांची आठवण करून दिलीत, ती योग्य आहे. त्या सामन्यात ३०-६७ असा निकाल लागला, आणि उत्तरार्धात आमच्या स्क्रमला उभे राहता आले नाही. म्हणून काम सापडले आहे: उजव्या बाजूचा दुसरा आणि तिसरा प्रॉप. ते दोघे २०२६ अखेरपर्यंत मिळाले तर उपांत्य फेरी, न मिळाले तर उपांत्यपूर्व फेरीतून परत. खंडेराव, तुमच्या जॉर्जियाकडे एखादा उसना मिळतो का पाहा.

खंडेराव_मार्केट

उसना देत नाही. बदल्यात एक विंग आणि एक फुल-बॅक द्या, मग बोलू.